सीएनसी यंत्रावर थरांची लाकडी पेटी कशी घडते, आणि पावसात तिचे काय होते

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकणाला झोडपत गेले. या दोन वादळांत परसातले फणस, आंबे आणि साग उन्मळून पडले. त्यांतले बरेच लाकूड जळणात गेले, तरी काही घरांनी एखादा ओंडका पडवीत जपून ठेवला. जुनी मातीची घरे उतरवून स्लॅबची घरे बांधणे तर चालूच आहे, आणि घर उतरवले की एखादा वासा किंवा माजघराच्या दाराची फळी कोणालातरी टाकवत नाही. असे लाकूड घेऊन माणसे सुतारशाळेत येतात आणि त्यातून आठवणीची एक पेटी करून मागतात. तिथे रंध्याच्या आणि पटाशीच्या शेजारी त्यांना पलंगाएवढे एक यंत्र दिसते. लाकडावर आपोआप फिरणारे त्याचे हत्यार पाहून दोन प्रश्न हमखास येतात: हे यंत्र नेमके काय करते, आणि सगळे तेच करत असेल तर सुतार कशाला हवा? सिंधुदुर्गात हे काम करताना मला हे प्रश्न इतक्या वेळा ऐकावे लागले आहेत की त्यांचे सविस्तर उत्तर लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते.

आकड्यांच्या हुकमावर चालणारे हत्यार

सीएनसी हे ‘कॉम्प्युटर न्यूमेरिकल कंट्रोल’ या शब्दांचे लघुरूप आहे. आकड्यांत दिलेल्या हुकमानुसार हत्यार हलवणारे यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी लागणारी वळणे अचूक हवी होती, त्यातून आकड्यांवर यंत्र चालवण्याचा विचार पुढे आला, आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ मध्ये भोके पाडलेल्या पट्टीवरून हुकूम वाचणारे यंत्र चालवून दाखवले. आज पट्टीची जागा संगणकाने घेतली आहे, पण तत्त्व तेच आहे.

ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे त्यांना हे तत्त्व लगेच कळेल. रांगोळीत कितव्या ओळीतला कितवा ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा हे ठरलेले असते. यंत्राला आडवे अंतर, उभे अंतर आणि त्यांच्या जोडीला खोली असे तीन आकडे लागतात. ‘आडव्या दिशेने शंभर मिलिमीटरच्या खुणेपर्यंत जा, मिनिटाला अठराशे मिलिमीटर वेगाने’ हा हुकूम ‘जी१ एक्स१०० एफ१८००’ असा लिहितात आणि अशा हुकमांच्या यादीला जी-कोड म्हणतात. सगळी मापे लाकडावरच्या एका ठरावीक बिंदूपासून मोजली जातात. त्या बिंदूला आम्ही झिरो म्हणतो. झिरो चुकला की पुढचे सगळे चुकते, मग आराखडा कितीही सुंदर असो.

आमच्यासारख्यांकडच्या साध्या यंत्रांची एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. त्यांच्या मोटारी पावलापावलाने फिरतात आणि यंत्र फक्त दिलेली पावले मोजते. आपण खरोखर कुठे पोहोचलो हे ते पाहत नाही. डोळे मिटून ओटीपासून विहिरीपर्यंत चाळीस पावले मोजत जाणाऱ्या माणसासारखे ते आहे: वाटेत कोणाचा धक्का लागला तरी त्याचा हिशेब चाळीसच सांगतो, पण तो उभा असतो तुळशीपाशी. एका वळवाच्या पावसात पेटीची तिसरी रिंग, म्हणजे मधला पोकळ थर, कापत असताना वीज गेली. ती परत आल्यावर मी झिरो पुन्हा न तपासता काम पुढे चालू केले आणि रिंगेच्या आतल्या भिंतीवर अर्ध्या मिलिमीटरची पायरी उमटली. बोट फिरवले की ती नखाला अडकत होती. तो तुकडा फणसाचा होता आणि त्या घरचे तेवढेच लाकूड शिल्लक होते. तेव्हापासून वीज गेली की कितीही घाई असली तरी झिरो नव्याने घेतल्याशिवाय मी यंत्र चालू करत नाही.

अखंड ठोकळ्यातून पेटी का कोरत नाहीत

लोकांना पहिल्यांदा हेच सुचते: जाड ठोकळा घ्यावा आणि आतले लाकूड कोरून काढावे. अडचण हत्याराच्या लांबीची आहे. या यंत्रात जे कापणारे पाते बसवतात त्याला बिट म्हणतात. ६ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बिटची कापणारी धार साधारण २२ ते २५ मिलिमीटर लांब असते. पेटी आतून ४८ मिलिमीटर खोल हवी असेल तर तेवढे लांब बिट लावावे लागेल, आणि लांब बिट वाकते. आंबे उतरवण्याची घळ जितकी लांब तितके तिचे टोक जास्त हलते, हे कोकणात सांगायला नको. बिटच्या बाबतीत हा हिशेब फार कडक आहे: बाहेर राहिलेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने बिट आठपट वाकते आणि जाडी निम्मी केली तर सोळापट. वाकलेले बिट भिंत तिरकी कापते, थरथरते आणि शेवटी मोडते.

थरांची पद्धत ही अडचण मुळातच टाळते. सिमेंटच्या रिंगा एकावर एक बसवून विहीर बांधतात, तशीच ही पेटी बांधायची. १८० बाय १२० मिलिमीटरची पेटी घेऊ. तळाला १२ मिलिमीटर जाडीची एक अखंड फळी, तिच्यावर तेवढ्याच जाडीच्या चार पोकळ रिंगा आणि वर झाकण. भिंतीची जाडी १२ मिलिमीटर ठेवली की आतली जागा १५६ बाय ९६ आणि खोली ४८ मिलिमीटर मिळते, आणि बिटला एका वेळी फक्त १२ मिलिमीटर लाकूड कापावे लागते. शिवाय थर वेगवेगळ्या लाकडांचे घेता येतात. तपकिरी सागाच्या मध्ये पिवळ्या फणसाची एक रिंग घातली की पेटीला कडेने पट्टा मिळतो. फणसाचा हा पिवळा रंग मात्र कायम राहत नाही. उजेडाने तो काही वर्षांत गडद होत तपकिरीकडे झुकतो, आणि घरातले जुने फणसाचे पाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो रंग ओळखीचा वाटेल.

गोल फिरणारे बिट आतला काटकोन कापू शकत नाही, कोपऱ्यात त्याच्या निम्म्या जाडीएवढी, म्हणजे ३ मिलिमीटरची गोलाई राहतेच. चौकोनी कोपरा हवा असेल तर पटाशी हातात घ्यावी लागते. मला गोल कोपराच बरा वाटतो, त्यात धूळ साचत नाही आणि आतला कपडा सहज फिरतो.

रेषा आणि वाट यांतला फरक

संगणकावर काढलेली रेषा ही तुकड्याची कड असते. बिट त्या रेषेवरून गेले तर त्याची निम्मी जाडी तुकड्यात घुसेल, म्हणून बिटचा मध्य रेषेपासून ३ मिलिमीटर दूर चालवावा लागतो: बाहेरची कड कापताना बाहेरून आणि आतली कड कापताना आतून. बिटच्या मध्याच्या या मार्गाला टूलपाथ म्हणतात; मी त्याला हत्याराची वाट म्हणतो. बाहेरच्या कडेला हे अंतर विसरले तर तुकडा लांबीला आणि रुंदीला ६-६ मिलिमीटरने लहान होतो. सुतारकामातले एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर, त्यामुळे ही चूक जवळजवळ दोन सुतांची झाली.

१२ मिलिमीटर खोली एका दमात कापत नाहीत. बिट ३-३ मिलिमीटर खाली उतरत त्याच वाटेने चार फेऱ्या घालते. शेवटच्या फेरीत तुकडा फळीपासून पूर्ण सुटला तर फिरणाऱ्या बिटमध्ये अडकून उडू शकतो, म्हणून तीन-चार ठिकाणी लाकडाचे छोटे पूल मुद्दाम राखतात. त्यांना टॅब म्हणतात. फळ उतरवेपर्यंत देठ धरून ठेवतो तसे ते तुकड्याला धरून ठेवतात आणि काम संपल्यावर पटाशीने तोडता येतात.

रिंगेच्या पोटातून निघालेला तुकडा वाया जात नाही. आतली जागा १५६ बाय ९६ असली तरी बिटने चारही बाजूंनी ६ मिलिमीटर खाल्लेले असतात, त्यामुळे हातात येतो तो १४४ बाय ८४ चा. तो याच पेटीच्या झाकणाला पुरत नाही, पण धाकटी पेटी त्यातून आरामात होते. वाडवडिलांच्या घरातल्या एका फळीतून दोन बहिणींना दोन पेट्या हव्या असतील तर हा हिशेब आधीच करावा.

हळू चालवले तर लाकूड का जळते

नवशिक्याला वाटते की वेग कमी ठेवला म्हणजे काम स्वच्छ होईल. प्रत्यक्षात कडा काळ्या पडतात आणि करपल्याचा वास येतो. त्याचे कारण आडाळ्यावर नारळ खवणाऱ्या कोणालाही समजेल: वाटी पुरेशी दाबली तर खोबरे किसून पडते, नुसती टेकवून फिरवली तर दाते घासतात आणि हाती काही येत नाही. बिटच्या प्रत्येक धारेला प्रत्येक फेऱ्यात लाकडाचा एक नेमका छिलका मिळायला हवा. मिनिटाला १८,००० फेरे, दोन धारा आणि दर धारेला ०.०५ मिलिमीटरचा छिलका धरला तर पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला १,८०० मिलिमीटर येतो. वेग यापेक्षा फारच कमी ठेवला तर धार कापण्याऐवजी घासते, आणि छिलक्याबरोबर बाहेर पडायला हवी ती उष्णता लाकडात आणि बिटमध्ये साठते.

या वेगाने एका रिंगेला किती वेळ लागतो पाहा. बाहेरची आणि आतली वाट मिळून एका फेरीत सव्वा मीटरपेक्षा कमी अंतर, अशा चार फेऱ्या. अडीच-तीन मिनिटांत रिंग तयार. सगळ्या थरांचे यंत्रकाम, फळ्या बदलण्याचा वेळ धरून, अर्ध्या-पाऊण तासात उरकते. पेटीला मात्र चार-पाच दिवस लागतात, आणि ते कुठे जातात हे पुढच्या भागात येईल.

धुळीबद्दल एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. लाकडाची बारीक धूळ माणसाला कर्करोगकारक आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. तोंडावर नुसता रुमाल बांधून या यंत्राजवळ उभे राहू नये. चांगला मास्क आणि धूळ ओढणारा पंखा दोन्ही हवेत, आणि मुलांना कौतुकाने यंत्र दाखवायचे असेल तर लांबून दाखवावे.

थर एकजीव कसे होतात

रिंगा एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळल्या की ओला सरस वंगणासारखा वागतो आणि रिंगा सरकतात. म्हणून प्रत्येक थरात यंत्रानेच त्याच झिरोवरून दोन आंधळी, म्हणजे आरपार न जाणारी, भोके पाडून घ्यावीत आणि त्यांत लाकडी खुंट्या बसवाव्यात. रिंगा जागच्या हलत नाहीत. फळ्यांना रंधा मारला त्याच दिवशी चिकटवणे उत्तम, कारण रात्रभरात पातळ फळी थोडी तरी वाकते आणि सांध्यात फट राहते. शिकंजा जीव खाऊन आवळू नये, त्याने सगळा सरस बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. कडेने सरसाचे बारीक मणी सारख्या अंतरावर दिसू लागले की दाब पुरेसा झाला. ते मणी ओले असताना पुसले तर सरस लाकडात भिनतो आणि पुढे पॉलिशखाली पांढुरके डाग दिसतात. ते रबरासारखे होईपर्यंत थांबून पटाशीने उचलावेत. मग पूर्ण एक दिवस पेटीला हात लावू नये, आणि पावसाळ्यात दोन दिवस.

लाकूड हवेतले पाणी पिते

आता या कामातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. यंत्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत अचूक कापू शकते. लाकूड मात्र कापून झाल्यावरही हलत राहते. ते हवेतली ओल घेते आणि सोडते, आणि त्यानुसार फुगते व आक्रसते. त्यातही ते सगळीकडे सारखे हलत नाही: लाकडातल्या रेषांच्या दिशेने, म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने, जवळजवळ नाहीच आणि रेषांना आडवे बरेच. साग हे सर्वांत शांत लाकडांपैकी एक मानतात, तरी ताजे ओले लाकूड पूर्ण कोरडे होईपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसते आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के.

कोकणात मे महिन्यात घरातल्या लाकडात साधारण १०-११ टक्के ओल धरावी आणि श्रावणात १६-१७ टक्के. एवढ्या फरकाने सागाची १२० मिलिमीटर रुंद फळी, ती कशी चिरली आहे त्यानुसार, अर्ध्यापासून जवळजवळ दीड मिलिमीटरपर्यंत रुंदावते. यंत्राची सगळी अचूकता या दीड मिलिमीटरपुढे तोकडी पडते. पावसात दार अडकते ते याच कारणाने.

म्हणून सगळ्या थरांतल्या रेषा एकाच दिशेने ठेवायच्या. मग पेटी फुगते तेव्हा सगळे थर बरोबरीने फुगतात. ‘प्लायवूडमध्ये तर थर आडवे-उभे असतात, मग इथे का नकोत?’ असे कोणी विचारेल. प्लायवूडचे थर खूप पातळ असतात आणि सरस त्यांना दाबून ठेवतो. १२ मिलिमीटरच्या अस्सल लाकडाला सरस दाबून ठेवू शकत नाही, सांधा सुटतो किंवा लाकूड चिरते. रेषा एकाच दिशेने ठेवण्याची एक किंमत मोजावी लागते: रिंगेच्या ज्या दोन बाजू रेषांना आडव्या येतात तिथे लाकूड कमजोर असते आणि भिंत पातळ ठेवली तर बिस्किटासारखी तुटते. एवढ्या पेटीला १० मिलिमीटरपेक्षा पातळ भिंत मी करत नाही, मग ती डोळ्याला कितीही नाजूक आणि सुंदर दिसो.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. शेजारच्या गावातल्या एका काकूंनी घरच्या जुन्या सागाच्या दाराची पेटी करायला दिली होती, तीत त्यांना आईच्या कुड्या आणि यजमानांची मुंबईहून आलेली पत्रे ठेवायची होती. झाकणाच्या फळीवरच्या रेषा फार देखण्या होत्या, आणि त्या समोरून पुऱ्या दिसाव्यात म्हणून मी झाकण त्याच्या रेषा पेटीच्या रेषांना आडव्या येतील असे कापले. झाकणाचा आत बसणारा ओठ १५६ मिलिमीटरच्या जागेत दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटर सोडून बसवला होता. मे महिन्यात तो रेशमासारखा बसत होता. झाकण सोडले की आतली हवा हळूहळू बाहेर पडत ते खाली उतरे, आणि त्याचे मला फार समाधान वाटले. नागपंचमीच्या सुमारास काकूंचा फोन आला, “अरे, पेटी काय उघडना नाय.” हिशेब साधा होता: झाकण पेटीच्या लांबीच्या दिशेने मिलिमीटर-दीड मिलिमीटर फुगले होते आणि पेटी त्या दिशेने फुगतच नव्हती. जोर लावला असता तर वरची रिंग चिरली असती. पेटी गणपतीनंतरही तशीच राहिली, दसरा उलटून हवा कोरडी झाली तेव्हा ती आपसूक उघडली, आणि मग मी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून रेषा पेटीला समांतर ठेवून झाकण नव्याने केले. आता रुंदीच्या बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर सोडतो. उन्हाळ्यात ते किंचित खुळखुळते आणि पावसात नीट बसते.

पॉलिश केले तर ओल आत जाणार नाही ना?

जाते, फक्त सावकाश. लाखेचे पॉलिश, मेण किंवा तेल ओलीचा वेग कमी करतात, तिला थांबवत नाहीत. पॉलिश आतून-बाहेरून सारखेच लावावे, कारण एकच बाजू लावली तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि झाकण वाकते. होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात म्हणून पेटीलाही तेच लावावे असे काही जण सुचवतात. ते तेल त्वचेला भाजते. रोज हाताळायच्या वस्तूला ते लावू नये.

मग यात हाताचे काम उरले कुठे?

हा आक्षेप मी मनापासून ऐकतो, कारण तो घेणाऱ्यांत माझ्याहून मोठे कारागीर आहेत. माझे उत्तर असे आहे की फळी कशी चिरायची, रेषा कुठल्या दिशेने ठेवायच्या, गाठ कुठे टाळायची आणि फट किती सोडायची हे जी-कोडमध्ये आपोआप येत नाही. ते लाकूड ओळखणाऱ्या माणसाने घालावे लागते. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आणि खेळणी घडवणाऱ्यांनीही लेथ वापरलेच आहे, आणि त्याने त्या कामाची कारागिरी उणावली नाही. पण मी एक सीमा पाळतो. दशावतारी गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळातल्या १२० गोल पानांवरची चित्रे हाताने रंगवायची असतात. झाकणावर तशी चित्रे यंत्राने कोरून द्या असे कोणी म्हटले तर मी नकार देतो आणि कोरे झाकण घेऊन चित्रकाराकडे पाठवतो. यंत्राने रिंग कापली तर कोणाचेच चित्र हिरावले जात नाही.

लेझरने का नाही, असेही विचारतात. तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवूडच्या बऱ्याच थरांची पेटी लेझरवर छान होते. लेझर मात्र लाकूड जाळून कापतो, कडा काळ्या होतात आणि जाड लाकडात तो थकतो. घरच्या जुन्या फळीसाठी तो माझ्या मते योग्य नाही.

लाकूड आणण्याआधी

जुन्या घराचे लाकूड बहुधा नव्यापेक्षा चांगले असते, कारण ते अनेक पावसाळे पाहून शांत झालेले असते. त्यात खिळे मात्र असतात, आणि मोडून आत राहिलेला खिळा बिट फोडतो. फळीवर लोहचुंबक फिरवून पाहावे आणि जिथे ते ओढले जाईल तिथे खडूने खूण करून आणावी. पितळी खिळा चुंबकाला सापडत नाही, म्हणून हिरवट डागही शोधावेत. वादळात पडलेल्या झाडाचे लाकूड असेल तर त्याच्या फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत वारा लागेल अशा रचाव्यात. ढोबळ हिशेब म्हणजे जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. कोकणात पावसाळ्याचे चार महिने त्यात फारसे मोजू नयेत.

फळी तयार झाली की नाही हे घरच्या वजनकाट्यावरही कळते. दिवाळीनंतर एक छोटी फळी दर रविवारी तोलावी आणि वजन तिच्यावरच पेन्सिलीने तारखेसह लिहावे. आधी आकडा दर आठवड्याला उतरत जातो. तीन रविवार लागोपाठ तोच आकडा आला की फळी घेऊन यावे.